कर्झन रेषेपलीकडची घरे

लॉर्ड कर्झन म्हटले की आपल्याला १९०५ सालची बंगालची फाळणी आठवते. ‘केसरी’च्या जुन्या फाइली चाळलेल्यांना त्याच्याबद्दल लोकांत किती राग होता तेही ठाऊक असते. हा कर्झन हिंदुस्थानातून परतल्यावर काही वर्षांनी ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला आणि युरोपच्या नकाशावरच्या एका रेषेला त्याचे नाव चिकटले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड हा देश सव्वाशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याची पूर्वेची हद्द कुठवर, हा प्रश्न होता. पोलंड आणि बोल्शेविक रशिया यांच्यात लढाई चालू असताना, ११ जुलै १९२० रोजी, कर्झनच्या सहीने मॉस्कोला एक तार गेली. अमुक रेषेवर दोन्ही सैन्यांनी थांबावे, असे तीत सुचवले होते. कोणी थांबले नाही. ऑगस्टमध्ये वॉर्सापाशी पोलंडने लाल सेनेला मागे रेटले आणि १९२१ च्या रिगाच्या तहात हद्द त्या रेषेच्या बरीच पूर्वेला ठरली. कर्झन रेषा कागदावर राहिली. तेवीस वर्षांनी ती कागदातून बाहेर काढण्यात आली, आणि तिचा परिणाम आपल्या कोल्हापूरच्या शेजारी राहणाऱ्या हजारो माणसांवर झाला. हा लेख त्या रेषेबद्दल आहे.

दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी युद्धानंतरच्या जगाची मांडणी कशी केली, यावर जे लिहिले जाते त्यात याल्टा हे नाव सर्वांत मोठ्या अक्षरात असते. ‘याल्टामध्ये पोलंड विकला गेला’ हे वाक्य तर म्हणीसारखे झाले आहे. या बैठकांची इतिवृत्ते अमेरिकन सरकारनेच छापली आहेत, याल्टाची १९५५ मध्ये आणि तेहरानची १९६१ मध्ये. ती क्रमाने वाचत गेल्यावर माझे मत वेगळे झाले. पोलंडची पूर्व हद्द याल्टाला गेली नाही. ती चौदा महिने आधी तेहरानला गेली. आणि जमीन सोडली यापेक्षा ती सोडल्याचे तिच्या मालकांना कळू दिले नाही, हा मला जास्त मोठा दोष वाटतो.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि त्यासाठीच ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. सतराव्या दिवशी पूर्वेकडून स्टालिनही पोलंडमध्ये शिरला, कारण ऑगस्टमध्येच दोघांनी गुप्त करारात वाटणी ठरवून ठेवली होती. ब्रिटनने पोलंडला दिलेले संरक्षणाचे वचन मात्र एका गुप्त पुरवणीनुसार फक्त जर्मनीपुरते होते. पूर्व पोलंडमध्ये १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटेपासून सोव्हिएत पोलिसांनी घरेच्या घरे उचलायला सुरुवात केली. शेतकरी, वनरक्षक, सैनिकांच्या बायका, शिक्षक, लहान मुले, असे लाखो लोक मालगाड्यांतून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले गेले.

मग जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला आणि सगळे हिशेब बदलले. लंडनमध्ये पोलंडचे परागंदा सरकार होते. त्याचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी ३० जुलै १९४१ रोजी सोव्हिएत सरकारशी करार केला. हद्दपार पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता, हे कोणी सांगितले नाही. जनरल आंडेर्स यांच्या हाताखाली सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये ते सैन्य व त्याच्या मागे आलेली कुटुंबे मिळून लाखाहून अधिक माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाइन, इटली असे गेले. बायकामुलांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत, तर काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्याहून कितीतरी मोठी छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक होते, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. अनेक घरांतला कर्ता पुरुष आंडेर्सच्या फौजेत होता. आणि या लोकांची घरे बहुतांशी त्याच पट्ट्यात होती, कर्झन रेषेच्या पूर्वेला.

आता १४ ऑगस्ट १९४१ ची अटलांटिक सनद पाहू. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर भेटून रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी ती जाहीर केली. आम्हांला कोणाचा मुलूख नको, संबंधित लोकांनी मोकळेपणाने व्यक्त केलेल्या इच्छेविरुद्ध कुठेही हद्दी बदलल्या जाणार नाहीत, आणि आपले सरकार कसे असावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक लोकसमूहाला आहे, ही तिची पहिली तीन कलमे. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत युनियननेही तिला पाठिंबा दिला. आपल्याकडच्या लोकांना या सनदेची किंमत लवकर कळली. ९ सप्टेंबरला चर्चिलने पार्लमेंटमध्ये स्पष्ट केले की तिसरे कलम नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी रूझवेल्टला पत्र लिहून, हिंदुस्थान आणि आफ्रिका पारतंत्र्यात असेपर्यंत दोस्तांच्या स्वातंत्र्याच्या घोषणा पोकळ वाटतात, हे कळवले. पोलिश लोकांची समजूत मात्र अशी की सनद निदान आपल्यासाठी तरी आहे, कारण नाझींची टाच त्यांच्यावरही पडली होती.

एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी काटिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचे जाहीर केले. ही माणसे स्टालिनच्या हुकमाने १९४० मध्ये मारली गेली होती, पण मॉस्कोने ते कबूल केले १९९० मध्ये. लंडनच्या पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, एवढे निमित्त करून स्टालिनने २५ एप्रिलला त्या सरकारशी संबंध तोडले. जुलैत सिकोर्स्की जिब्राल्टरला विमान अपघातात गेले आणि शेतकरी पक्षाचे मिकोवाइचिक पंतप्रधान झाले. सरळ, चिवट आणि काहीसा भोळा माणूस, असे माझे त्यांच्याबद्दलचे मत झाले आहे.

तेहरानची परिषद २८ नोव्हेंबर १९४३ ला सुरू झाली. पहिल्याच रात्री रूझवेल्टची प्रकृती जेवणानंतर बिघडली आणि तो झोपायला गेला. मागे राहिलेल्या चर्चिलने स्वतःहून पोलंडचा विषय काढला. स्टालिनने विचारलेही नव्हते. चर्चिलने तीन आगकाड्या घेतल्या. एक रशिया, एक पोलंड, एक जर्मनी. त्या सरकवून त्याने दाखवले की रशिया पश्चिमेकडे सरकेल, पोलंडही तेवढाच पश्चिमेकडे सरकेल आणि त्यात जर्मनीच्या पायावर पाय पडला तर पडो. स्टालिन खूश झाला, असे चर्चिलने स्वतःच लिहून ठेवले आहे. एक देश उचलून दुसरीकडे ठेवण्याची कल्पना मेजवानीनंतर, काड्यांच्या साहाय्याने मांडली गेली, हे वाचताना मी दोनदा थांबलो. पण चर्चिल निव्वळ बेफिकीर होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला दिसत होते की जर्मन सैन्याला पोलंडमधून लाल सेनाच हुसकणार आहे, ब्रिटिश नव्हे. मोबदल्यात पोलंडला पश्चिमेला जर्मन मुलूख मिळावा, हा त्याचा हेतू प्रामाणिक होता.

रूझवेल्टचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १ डिसेंबरच्या दुपारी त्याने स्टालिनला खासगीत बोलावले. चर्चिलला बोलावले नाही. तो म्हणाला की १९४४ मध्ये अमेरिकेत निवडणूक आहे, कदाचित मला पुन्हा उभे राहावे लागेल. आमच्याकडे साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत आणि व्यवहारी माणूस म्हणून मला त्यांची मते गमवायची नाहीत. हद्द पश्चिमेकडे सरकावी हे मला मान्य आहे, पण आत्ता जाहीरपणे मला या निर्णयात भाग घेता येणार नाही. स्टालिनने उत्तर दिले की आता खुलासा झाल्यावर मला समजले. इतिवृत्तातले हे संभाषण जेमतेम पानभराचे आहे. स्टालिनला यातून दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे जमीन, आणि दुसरी म्हणजे अमेरिका या विषयावर उघडपणे काही बोलणार नाही याची खात्री. मला दुसरी अधिक मोलाची वाटते.

त्याच दिवशी तिघांची बैठक झाली तेव्हा ईडनने रिबेनट्रॉप-मोलोटोव्ह रेषा असा टोमणा मारला, कारण १९३९ ची वाटणी आणि कर्झन रेषा पुष्कळ ठिकाणी एकावर एक बसत होत्या. तुम्हांला हवे ते नाव द्या, आम्हांला ती न्याय्य वाटते, असे स्टालिनचे म्हणणे पडले. वाद उरला तो ल्वूफ शहराचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हचा. रेषेच्या दक्षिण टोकाच्या दोन आवृत्त्या होत्या. एकीत ल्वूफ पोलंडकडे होते, दुसरीत नव्हते. इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. या पट्ट्यात शहरे पोलिश आणि ज्यू वस्तीची असली तरी खेड्यापाड्यांत युक्रेनी आणि बेलारूसी लोकच अधिक होते. तेव्हा रेषा ओढणे मुळातच अन्यायाचे होते असे मला म्हणता येत नाही. पण युक्रेनी शेतकऱ्यालाही तेहरानमध्ये कोणी विचारले नव्हते.

पुढच्या अकरा महिन्यांत जे घडले त्याला मी लपवाछपवी म्हणतो. जानेवारी १९४४ मध्ये चर्चिलने मिकोवाइचिकना कर्झन रेषा मान्य करण्याचा आग्रह धरला आणि २२ फेब्रुवारीला पार्लमेंटमध्येही तशी बाजू घेतली. म्हणजे ब्रिटनचा कल पोलिश सरकारला कळला होता. पण तो एका मित्राचा सल्ला म्हणून कळला. तिघांत बोलणे होऊन गेले आहे, रूझवेल्टनेही मान डोलावली आहे, हे सांगितले गेले नाही. साहजिकच मिकोवाइचिकनी आपली सारी आशा अमेरिकेवर ठेवली. जूनमध्ये ते वॉशिंग्टनला गेले. रूझवेल्टने त्यांचे अगत्याने स्वागत केले आणि ल्वूफ व आसपासचा तेलाचा मुलूख पोलंडकडे राहावा म्हणून आपण मदत करू, असा धीर दिला. तेहरानमध्ये काय बोलणे झाले ते सांगितले नाही. निवडणूक नोव्हेंबरात होती.

या मधल्या काळात, १८ मे १९४४ ला, आंडेर्सच्या सैनिकांनी इटलीत मोंते कासिनोचा मठ काबीज केला. इतर फौजांनी महिनोनमहिने डोके आपटूनही तो डोंगर हाती आला नव्हता. तिथे आज हजाराहून अधिक पोलिश थडगी आहेत. सायबेरियातून सुटून, इराणमार्गे तिथवर पोहोचलेल्या या सैनिकांची घरे ज्या जिल्ह्यांत होती ते जिल्हे सहा महिने आधीच दुसऱ्याच्या हवाली झाले होते. त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या बायकामुलांनाही वळिवड्यात ते ठाऊक नव्हते.

कोणी म्हणेल, आधी कळले असते तरी काय फरक पडला असता? मला वाटते, पडला असता. १९४४ च्या पूर्वार्धात पोलिश सरकारच्या हातात अजून काही पत्ते होते. लाल सेना नुकतीच जुनी हद्द ओलांडत होती, स्टालिनने स्वतःचे पोलिश सरकार अजून उभे केले नव्हते. जमीन सोडून त्या बदल्यात सरकार वाचवण्याचा सौदा तेव्हा निदान मांडता आला असता. चेकोस्लोव्हाकियाच्या बेनेशने तसा प्रयत्न केला. तो अखेर फसला ही गोष्ट खरी, पण निर्णय त्याचा त्याने घेतला. मिकोवाइचिक अमेरिकेच्या भरवशावर थांबले आणि थांबण्याचे दिवस संपले. २२ जुलैला लुब्लिनच्या समितीची घोषणा झाली. १ ऑगस्टला वॉर्सामध्ये उठाव झाला, ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. मदत टाकायला आलेल्या दोस्तांच्या विमानांना सोव्हिएत धावपट्ट्यांवर उतरू देण्यास स्टालिनने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नकार दिला.

ऑक्टोबरमध्ये चर्चिल मॉस्कोला गेला. नऊ तारखेच्या रात्रीचा तो प्रसिद्ध कागद: रुमानियात रशियाचा ९० टक्के वाटा, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९०, युगोस्लाव्हिया व हंगेरी निम्मेनिम्मे, बल्गेरियात रशियाचे ७५. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर खूण केली. या कागदावर इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की त्यात पोलंडचे नाव नाही. तो टक्केवारीचा विषय उरलाच नव्हता.

चार दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, मिकोवाइचिक मॉस्कोत वाटाघाटींना बसले होते. ते कर्झन रेषेला हरकत घेत राहिले, तेव्हा मोलोटोव्हने मध्येच सांगितले की हे सगळे तेहरानमध्ये ठरले आहे आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचीही त्याला संमती होती. कोणाला हे खरे वाटत नसेल तर त्याने तसे बोलावे. चर्चिल होता, ईडन होता, अमेरिकेचा राजदूत हॅरिमन होता. कोणीच ते खोडून काढले नाही. आपल्या देशाचा पूर्व भाग गेल्याचे पोलंडच्या पंतप्रधानाला असे कळले, आणि तेही ज्याने तो घेतला त्याच्या परराष्ट्रमंत्र्याकडून. दुसऱ्या दिवशी चर्चिल त्यांच्यावर अक्षरशः ओरडला. तुमच्या भांडणापायी आम्ही युरोपची शांतता मोडणार नाही, असा त्याचा सूर होता. माझ्या समजुतीप्रमाणे त्या ओरडण्यात संतापाइतकीच शरमही होती.

७ नोव्हेंबरला रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आला. १७ नोव्हेंबरच्या तारखेचे त्याचे पत्र मिकोवाइचिकना मिळाले. पोलंड, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन हद्दीबद्दल एकमत करतील तर अमेरिकेची हरकत नाही, असा त्यातला आशय. मिकोवाइचिकनी २४ नोव्हेंबरला राजीनामा दिला.

याल्टाला ४ फेब्रुवारी १९४५ रोजी तिघे पुन्हा भेटले तेव्हा लाल सेना ओडर नदीवर, बर्लिनपासून साठ-सत्तर किलोमीटरवर होती. रूझवेल्टला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, जपानविरुद्धच्या युद्धात रशियाचा प्रवेश, कारण त्यामुळे आपल्या लाखो सैनिकांचे प्राण वाचतील असा त्याच्या सेनापतींचा अंदाज होता. दोन, संयुक्त राष्ट्रसंघ. दोन्ही मिळाल्या. सुरक्षा परिषदेतल्या मतदानाची पद्धत ठरली, बड्या पाचांना नकाराधिकार मिळाला. सोव्हिएत युनियनच्या सोळाही घटक प्रजासत्ताकांना सभासदत्व द्या, ही मूळ मागणी सोडून स्टालिन युक्रेन आणि बेलारूस या दोन जादा जागांवर खाली आला. आपण बाजारात घासाघीस करतो तशीच ही पद्धत, आधी सोळा सांगायचे आणि मग दोन घेऊन उपकार केल्यासारखे दाखवायचे.

पोलंडवर मात्र इतर कुठल्याही विषयापेक्षा अधिक वेळ गेला. ल्वूफ पोलंडला देऊन औदार्य दाखवा, अशी विनंती रूझवेल्टने करून पाहिली. स्टालिन उठून उभा राहिला. ही रेषा आमची नाही, कर्झन आणि क्लेमान्सो यांची आहे. आम्ही त्यांच्यापेक्षा कमी रशियन व्हायचे काय, असा त्याचा सवाल होता. ब्रिटनने १९२० मध्ये पाठवलेली तार ब्रिटनच्याच तोंडावर अशी परत आली.

हद्द गेलीच होती, झगडा आता सरकारचा होता. ठरावाचा मसुदा असा झाला: पोलंडमध्ये सध्या असलेले सरकार व्यापक लोकशाही पायावर पुनर्रचित करावे आणि शक्य तितक्या लवकर मुक्त निवडणुका घ्याव्यात. ‘व्यापक’ म्हणजे किती, ‘लोकशाहीवादी’ कोणाला म्हणायचे, निवडणुकीवर देखरेख कोणाची, यातले काही लिहिलेले नव्हते. रूझवेल्टचा लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही याने मसुदा वाचून म्हटले की हा इतका लवचीक आहे की रशियन तो न तोडता याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणू शकतील. रूझवेल्टने उत्तर दिले की ते मलाही माहीत आहे, पण पोलंडसाठी याहून अधिक आत्ता मला करता येत नाही. याल्टाच्या रूझवेल्टला मी फारसा दोष देत नाही. माझा आक्षेप तेहरानच्या रूझवेल्टवर आहे.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये फेब्रुवारीअखेर तीन दिवस चर्चा झाली. पोलंडच्या बाजूने मांडलेली दुरुस्ती २५ विरुद्ध ३९६ मतांनी पडली. आंडेर्सनी आपली फौज आघाडीवरून मागे घेण्याची परवानगी मागितली, पण तिची जागा घ्यायला दुसरी फौज नव्हती. ती लढत राहिली आणि एप्रिलमध्ये बोलोन्या शहरात शिरली. मार्चमध्ये वाटाघाटींच्या बहाण्याने बोलावून पोलंडच्या भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना सोव्हिएत पोलिसांनी पकडले आणि जूनमध्ये मॉस्कोत खटला चालवला.

२५ एप्रिलला सान फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची परिषद सुरू झाली. पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानचे प्रतिनिधिमंडळ तिथे होते, रामस्वामी मुदलियार त्याचे प्रमुख. पोलंडचे नव्हते, कारण पोलंडचे सरकार कोणते हेच ठरले नव्हते. ज्या देशावरच्या हल्ल्याने युद्ध सुरू झाले त्याच्या सहीसाठी सनदेवर मोकळी जागा सोडण्यात आली. ती सही १५ ऑक्टोबरला झाली, नव्या सरकारची. मिकोवाइचिक त्या सरकारात उपपंतप्रधान म्हणून गेले होते. १९४७ च्या जानेवारीत निवडणूक झाली, ती कशी झाली असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. ऑक्टोबरमध्ये त्यांना जीव वाचवून देशाबाहेर पळावे लागले.

वळिवड्याच्या लोकांसाठी निर्णायक तारीख होती ५ जुलै १९४५. त्या दिवशी ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्साच्या सरकारला मान्यता दिली. ज्या लंडन सरकारचे हे लोक स्वतःला नागरिक मानत होते, ते सरकार त्या दिवसापासून जगाच्या लेखी उरले नाही. पोलंडने पूर्वेला सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर मुलूख गमावला आणि पश्चिमेला जर्मनीचा सुमारे १ लाख चौरस किलोमीटर मिळवला. तिथल्या जर्मनांना हुसकावले गेले, ती दुःखाची वेगळीच गोष्ट आहे. ल्वूफचे पोलिश लोक गाडीत भरून ब्रेस्लाऊला, म्हणजे नव्या व्रोत्सवाफला, नेले गेले. ‘घरी परत जा’ असे वळिवड्यात सांगितले जाई, तेव्हा त्याचा अर्थ कधी न पाहिलेल्या गावी जा असा होता. मूळ गावी जायचे तर सोव्हिएत युनियनमध्ये जायचे, आणि तिथून तर ते जेमतेम जिवंत सुटून आले होते.

थोडे लोक पोलंडला गेले. ज्यांचे कर्ते पुरुष आंडेर्सच्या फौजेबरोबर ब्रिटनमध्ये पोहोचले होते, ती कुटुंबे तिकडे गेली, काही ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला. काही जण कोल्हापूरच्याच मातीत राहिले, त्यांची थडगी तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. त्याच जागी सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहायला आली. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले कोल्हापूरजवळचे गांधीनगर ते हेच.